हा कुणासारखा?

साताऱ्याच्या स्टँडवर माझी बॅग उचलून गाडीच्या डिकीत ठेवली ती सुन्याने. मी हात पुढे केला तर त्याने तो बाजूला सारला. "तू नको उचलूस. पाय सांभाळ," म्हणाला. आई चटणीची बाटली पिशवीत तिसऱ्यांदा नीट बसवत होती, म्हणजे तिला माझ्याकडे बघावं लागू नये. वडील गाडीची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते, जसा काही मी चुकीच्या गाडीत बसून अबुधाबीऐवजी अक्कलकोटला पोचणार होतो. गाडी सुटताना ते खिडकीशी आले आणि एवढंच बोलले, "तिकडं तरी नीट कर." त्यातला 'तरी' मला कात्रजचा घाट संपेपर्यंत टोचत राहिला.

'पाय सांभाळ' हे शब्द मात्र मी जपून ठेवले. निघालेल्या माणसाला कुणी सल्ले देतं, कुणी कामं सांगतं. माझ्या मित्राने माझं दुखणं लक्षात ठेवलं होतं. इथे शारजात मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत, जेवणाच्या पंगतीत, मी ही गोष्ट कौतुकाने कितीतरी लोकांना सांगितली आहे. जे गावाकडे राहिले आणि जे माझ्यासारखे इकडे आले, त्या दोघांनाही आता ती पुरती सांगायला हवी. अर्धी सांगितली होती, ती खोटी निघाली.

सुन्या म्हणजे सुनील. आम्ही शाळेपासून एकत्र बास्केटबॉल खेळलो, पुढे कॉलेजच्या संघात आणि मग विद्यापीठाच्या. मी डावखुरा, डावीकडून बास्केटखाली घुसायचो. सुन्या शांतपणे चेंडू खेळवायचा आणि नजरेने फसवायचा. जिकडे बघायचा तिकडे त्याने चेंडू कधी दिला नाही. समोरचा त्याच्या नजरेमागे धावायचा आणि चेंडू भलतीकडेच गेलेला असायचा, बहुतेक वेळा माझ्याकडे. सुन्या माझ्याकडे बघायचं टाळतोय असं दिसलं की मी तयारीत राहायचो.

आमच्यासारख्यांना खेळातून पुढे जायचा रस्ता एकच, कोट्यातली सरकारी नोकरी. एखाद्या खात्याचा संघ ट्रायल घ्यायचा, त्यात पसंत पडलात तर खेळायलाही मिळायचं आणि आयुष्याच्या भाकरीचा प्रश्नही सुटायचा. शेवटच्या वर्षी पुण्यात अशी ट्रायल होती. महिनाभर आधी कोल्हापूरच्या अंतिम सामन्यात मी पडलो आणि गुडघा टम्म सुजला. सुन्याने मला वडिलांच्या लुनावर बसवून स्वतःच्या घरी नेलं, गरम मिठाच्या पुरचुंडीने रोज शेकलं, आणि मी सांगितल्याप्रमाणे कुणालाही काही कळू दिलं नाही. ट्रायलपर्यंत सूज पार उतरली. त्या दिवशी मी जन्मात खेळलो नव्हतो इतका चांगला खेळलो. हे मी फुशारकीने म्हणत नाही, त्या दिवशी जे मैदानावर होते ते सांगतील.

यादी लागली त्यात सुन्याचं नाव होतं, माझं नव्हतं. मी पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो. माझ्या वडिलांनी यादीची बातमी ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्यांनी बघूनच घेतलं असेल ना. तुझ्यात काहीतरी कमी असेल." ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा निवड करणाऱ्यांवर विश्वास होता, आणि त्यांच्यामुळे माझाही बसला. आपल्यात काहीतरी कमी आहे, ते आपल्याला दिसत नाही पण जाणत्याला दिसतं, असं मानून मी नोकरीच्या मागे लागलो आणि मुसफ्फाला येऊन पडलो.

मुसफ्फा म्हणजे अबुधाबीचा कारखान्यांचा भाग. तिथल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मी टाइमकीपर होतो. कामगारांच्या हजेऱ्या मांडायच्या, ओव्हरटाइम लिहायचा, फोरमनच्या शिव्या खायच्या. पहाटे कंपनीची बस, परतताना तीच बस, आणि खोलीत माझ्यासकट चौघे, चौघांच्या भाषा चार. हिंदी आम्हां सगळ्यांची सारखीच मोडकी होती म्हणून भांडणं लवकर मिटत. पहिल्याच उन्हाळ्यात मी यल्ला म्हणजे चल आणि खलास म्हणजे संपलं हे शब्द शिकलो. त्या दोन शब्दांवर वर्कशॉपमध्ये माणसाचं वर्षभर भागतं.

तिथे रोमेल नावाचा फिलिपिनो वेल्डर होता. त्याने भंगारातल्या सळईची रिंग वळवली, तिला जाळी म्हणून पॅकिंगची दोरी बांधली आणि वर्कशॉपच्या मागच्या जुन्या कंटेनरला ती वेल्ड करून टाकली. शुक्रवारी ऊन उतरलं की आम्ही तिथे सिमेंटवर खेळायचो. रोमेलनेच मला ड्राफ्टचं वेड लावलं. अमेरिकेत कॉलेजात खेळणाऱ्या पोरांतून मोठे व्यावसायिक संघ दरवर्षी जूनमध्ये आळीपाळीने एकेकाला उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. वर्षभर लोक वाद घालतात की यंदा कोण उचलला जाईल, कोण पहिल्या फेरीत, कोण दुसऱ्या, कोण घरी बसेल. मला तो प्रकार पहिल्याच दिवशी कळला. माझ्या ओळखीचा होता.

मी हे फोनकार्डावरून सुन्याला सांगितलं आणि त्यालाही ते लागलं. आधी तो इंटरनेट कॅफेत जाऊन बघायचा, मग घरी कॉम्प्युटर आला, मग मोबाइल. दर शनिवारी आमचा फोन ठरलेला. कोणीतरी आमच्या बायकांना विचारावं, या दोघांनी हजारो मैलांवरच्या, कधी न भेटलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांवरून किती भांडणं केली आहेत. एकदा एका उंच पोरावरून आम्ही पंधरा दिवस अबोला धरला होता. तो पुढे कुठेच चमकला नाही. सुन्या बरोबर होता, आणि ते त्याने मला कधी विसरू दिलं नाही.

अमेरिकन जाणकारांची एक पद्धत आहे. नवा खेळाडू कसा आहे ते सांगायचं तर तो कुठल्या जुन्या नामांकित खेळाडूसारखा आहे ते सांगतात. आम्ही ती पद्धत घेतली, फक्त नामांकित खेळाडूंच्या जागी आमच्या मैदानावरची माणसं घातली. रिंगखाली ठाण मांडून दुसऱ्यांना हुकूम सोडणारा म्हणजे आमचे घोरपडे सर. पहिल्या अर्ध्यात गोड खेळणारा आणि नंतर गायब होणारा म्हणजे पेढेवाल्यांचा नितीन. मान खाली घालून माणसांच्या भिंतीत घुसणारा म्हणजे बंड्या जगदाळे. "हा कुणासारखा?" एवढं विचारलं की पुढचं सगळं समजायचं. अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजातला सात फुटी पोरगा आणि आमचे पान खाणारे घोरपडे सर. दोघांनाही याची गंधवार्ता नव्हती.

एक नियम होता. फोनवरच्या दोघांची नावं घ्यायची नाहीत. कुणाला सुन्यासारखा म्हणायचं नाही, कुणाला दिप्यासारखा, म्हणजे माझ्यासारखा, म्हणायचं नाही. नियम सुन्याने घातला. मला तेव्हा तो खिलाडूपणा वाटला.

दरम्यान नोकरी बदलली, पगार बरा झाला, पुण्याच्या अश्विनीशी लग्न झालं आणि आम्ही शारजात अल मजाजला राहायला आलो. खिडकीतून खाडीच्या पाण्याचा तुकडा दिसतो. आमची मुलगी सई इथेच वाढली. ती मराठी सगळी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती शाळेच्या संघात खेळते, उजव्या हाताने, आणि ड्राफ्टचं वेड तिने माझ्याकडून आयतं उचललं. वडील गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आई आता बहिणीकडे पुण्याला असते. साताऱ्याचं घर विकलं, तिथे आता दवाखाना आहे. म्हणजे सातारा माझ्यासाठी काय उरला होता, तर शनिवारचा फोन. 'कुणासारखा' या प्रश्नात माझं गाव जिवंत होतं. त्यातली गेलेली माणसंसुद्धा तिथे अजून धावत होती, आणि सुन्या मैदानाचा राखणदार असल्यासारखा त्यांना सांभाळत होता.

या वर्षी एक डावखुरा आला. दक्षिणेकडच्या एका कॉलेजातला, बुटकाच म्हणायचा, आणि घुसतो कसा, तर मी घुसायचो तसा. मी पहिल्यांदा त्याला बघितलं आणि चहा तसाच राहिला. अश्विनीला दाखवलं, ती म्हणाली, "अरे, हा तर तू." तिने मला नीट खेळताना कधी बघितलंही नाही, फक्त इथल्या हौशी सामन्यांत पोट सुटल्यावर बघितलं आहे, तरी तिला कळलं. मी सुन्याला फोनवर खेळवत राहिलो, बघितलास का, कसा वाटला, कुणासारखा? तो विषय टाळायचा. नियम आहे ना बाबा, म्हणायचा. कबूल करायला हरकत नाही, वयाच्या या टप्प्यावर मला आपल्या मित्राच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की तो पोरगा माझ्यासारखा आहे. त्या पोराला कुणी निवडलं असतं तर मला वाटलं असतं, उशिरा का होईना, मलाही निवडलं.

त्या डावखुऱ्याच्या गुडघ्याला हंगामात दुखापत झाली होती. तो बरा झाला होता, पण वाद पेटला होता. घ्यावा की न घ्यावा?

आणि अशातच सुन्या इकडे आला. पहिल्यांदाच. इतकी वर्षं मी बोलवत होतो, इतकी वर्षं त्याला रजा नव्हती, मुलाची परीक्षा होती, म्हशीला रेडकू होतं. या जूनमध्ये मी व्हिजिट व्हिसाच काढून पाठवला आणि म्हटलं, ड्राफ्ट एकत्र बघायचा. कंदी पेढ्यांची पेटी आणि आईने पुण्याहून दिलेली गोधडी घेऊन तो उतरला. विमानतळाबाहेरची हवा लागल्याबरोबर म्हणाला, "दिप्या, हे तर इंजिनावर बसल्यासारखं झालं." मी फार आनंदात होतो. खाडीच्या काठाने त्याला फिरवलं. नारळपाण्याचे दिरहम ऐकून त्याने मोठ्याने रुपये केले आणि नारळ परत ठेवायला लावला. मी हसून हसून दमलो.

एका सकाळी त्याला मुसफ्फाला नेलं. माझी जुनी राहायची जागा आता बाहेरून रंगवलेली आहे, पण खिडक्या त्याच. मी खोली दाखवली, बस थांबायची ती जागा दाखवली, कंटेनर होता तिथलं मोकळं सिमेंट दाखवलं. सुन्या गाडीतून उतरलाच नाही. काचेतून बघत होता. "इथं किती वर्षं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने बाटलीतलं सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं आणि म्हणाला, चल, ऊन लागतंय. मला वाटलं, खरंच ऊन लागलं असेल.

ड्राफ्टच्या आदल्या संध्याकाळी बैठक बसली. सईने टीव्हीला लॅपटॉप जोडून ठेवला होता. अश्विनी कांदाभजी तळत होती आणि स्वयंपाकघरातूनच मतं देत होती. एकेक पोरगा येत होता, सुन्या बारसं करत होता, घोरपडे सर, नितीन, पुन्हा घोरपडे सर, आणि सई खिदळत होती. तिने या माणसांना कधी बघितलं नाही, पण तिला ती सगळी पाठ आहेत. मग डावखुरा आला.

सई त्याच्या बाजूने होती. तिच्याकडे सगळे आकडे तयार होते. सुन्या नाही म्हणत होता. गुडघा गेलेला माणूस घेऊ नये, संघाचंही नुकसान आणि त्याचंही. सई म्हणाली, "काका, द डॉक्टर्स हॅव क्लिअर्ड हिम. व्हॉट मोअर डू यू वॉन्ट?"

"डॉक्टरला कोण विचारतंय गं?" सुन्या चढ्या आवाजात म्हणाला. वादात तो नेहमी असाच चढतो. "निवडणारा माणूस डॉक्टरला नाही विचारत. त्याच्याबरोबर खेळणाऱ्याला विचारतो. नळावर तोंड धुताना, हळूच."

मी म्हटलं, "ते राहू दे. हा कुणासारखा, ते सांग एकदा."

"दिप्यासारखा. झालं समाधान? तसाच डावा, तसाच घुसतो, आणि तसाच लंगडणं लपवतो. म्हणून तर म्हणतोय, घेऊ नये. मी तेव्हाही हेच सांगितलं."

खरं सांगतो, आधी मला आनंदच झाला. 'दिप्यासारखा' एवढंच कानात शिरलं होतं. बाकीचं वाक्य मागून आलं. सुन्या माझ्याकडे बघत नव्हता. तो टीव्हीकडे बघत होता, आणि वाद जिंकायच्या भरात आपण काय बोललो ते त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत होतं.

सईने विचारलं, "टोल्ड हूम, काका?"

स्वयंपाकघरात अश्विनीने गॅस बंद केला. सुन्याने सांगितलं. टाळाटाळ केली नाही, एवढं त्याच्या बाजूने मांडतो. पुण्याच्या ट्रायलनंतर तो नळावर तोंड धूत होता. संघाचा कोच शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुमचा तो डावखुरा आम्हाला आवडला आहे, त्याला काही दुखणं वगैरे नाही ना? सुन्याने सांगितलं, गुडघा आहे.

"खोटं नाही बोललो दिप्या," तो म्हणाला. "सुजलाच होता. मीच शेकला. त्या नोकरीत वर्षभर सामने असतात, वर्षात तुझा पाय कायमचा गेला असता. तुझ्या भल्याचंच बोललो."

मी विचारलं, "जागा किती होत्या?"

तो कप फिरवत राहिला. "एक."

"तुला माहीत होतं तेव्हा?"

"त्यांनीच सांगितलं. आधी म्हणाले, तुम्हा दोघांतला एकच घ्यायचाय. मग तुझं विचारलं."

मी ओरडलो नाही. मला ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. मी उठून बाल्कनीत गेलो, तिथल्या उन्हाळी हवेत घामाने भिजत उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ना तो नळ होता ना तो कोच. वडील होते, चष्मा पुसत. तुझ्यात काहीतरी कमी असेल. ते असं समजूनच गेले. मीही असं समजूनच जगलो. मुसफ्फातल्या त्या खोलीत वरच्या बंकवर पडून मी कितीदा शोधलं होतं की माझ्यात काय कमी होतं. शॉट की उंची की धाडस? माझ्यात कमी काही नव्हतं. त्यांनी मला पसंत केलं होतं. हे वाक्य वडिलांना ऐकवायला मी कुठे जाऊ?

आणि दुसरं, जे त्याहून वाईट. तो मला दर शनिवारी फोन करायचा तो मित्र म्हणून की भरपाई म्हणून? 'पाय सांभाळ' तो कुणासाठी म्हणाला होता? नावं न घ्यायचा नियम खिलाडूपणाचा नव्हता, भीतीचा होता. एका वाक्याने त्याने माझी नोकरी घेतली होती, ते जुनं झालं. पण आता कळल्यावर मागची सगळी वर्षं मला पुन्हा तपासावी लागत होती, एकेक फोन, एकेक हसणं, आणि खरं कुठलं ते ओळखायची काही खूण नव्हती. मला फसवलं गेलं होतं, आणि फसवणाऱ्यावर मी भावापेक्षा जास्त माया केली होती. हे लिहिताना अजून माझे कान तापतात.

अश्विनी बाल्कनीत आली. तिने समजूत घातली नाही. "तो खाली मान घालून भजी खातोय," ती म्हणाली, "आणि मला त्याचीही कीव येतेय, याचा मला राग येतोय."

पहाटे आम्ही ड्राफ्ट बघितला, मी आणि सई. झोप कुणालाच लागली नव्हती. पहिल्या फेरीत डावखुऱ्याचं नाव आलं नाही. दुसऱ्यातही बराच वेळ नाही. सई नखं खात होती. मग आलं. ज्या संघाने घेतला त्यांना त्याच्या गुडघ्याचं सगळं ठाऊक होतं, निवेदक तेच बोलत होता. तो पोरगा आईच्या गळ्यात पडून रडत होता आणि ती त्याच्या पाठीवर थापटत होती. मागून, खोलीच्या दारातून, सुन्याचा आवाज आला. "घेतला?"

"येस, काका," सई म्हणाली. घरात त्याच्याशी सरळ बोलणारी तेवढी तीच उरली होती.

माणसं भांडून तडक घराबाहेर पडतात ती सिनेमात. इथे तिकिटाची तारीख असते. सुन्या आणखी दोन दिवस राहिला. आम्ही एसीच्या थंडीबद्दल बोललो, दह्याबद्दल बोललो, त्याच्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोललो. अश्विनी त्याला वाढताना "भाऊजी, अजून एक पोळी" म्हणत होती आणि तो नको असताना घेत होता. एकदाच, बूट घालताना, तो म्हणाला की तो मला दर वर्षी सांगणार होता, आणि दर वर्षी जून निघून जायचा. मी ऐकून घेतलं. त्याने माफीही मागितली. ती मी घेतली की नाही ते मला अजून माहीत नाही.

विमानतळावर मी गाडीची डिकी उघडली. त्याची बॅग जड होती, अश्विनीने खजुराची खोकी भरली होती. मी वाकलो तसा त्याचा हात आपोआप पुढे आला. "तू नको उचलूस," तो म्हणाला, आणि पुढचं बोलता बोलता थांबला.

मी बॅग उचलून ट्रॉलीवर ठेवली. म्हटलं, "पायाला काही झालेलं नाही, सुन्या. मुसफ्फात सिमेंटवर खेळलोय मी त्या पायावर."

त्याने मान हलवली आणि ट्रॉली ढकलत आत गेला. मी तो दिसेनासा होईपर्यंत थांबलो नाही, निदान तसं दाखवलं. गाडी आडोशाला लावून मी काचेतून बघत होतो. रांगेत तो एकटा उभा होता, पासपोर्ट छातीशी धरून.

आता नोव्हेंबर लागला आहे. खाडीच्या काठावर संध्याकाळी माणसं पुन्हा फिरायला लागली आहेत, गॅलरीची दारं उघडी ठेवता येतात. कुणी विचारलं की मी अजून साताऱ्याचाच म्हणून सांगतो. सई हसते, कारण तिथे आमचं एक दारसुद्धा नाही. मला पूर्वी तिचं हसणं चुकीचं वाटायचं. सातारा माझा होता कारण तिथे मला ओळखणारा एक माणूस बसला होता. आता तो माणूस तिथेच आहे, पण शनिवार मोकळा जातो. त्याने दोनदा फोन केला, मी घेतला नाही. तिसऱ्यांदा केला नाही.

परवा सईने एक नवा पोरगा दाखवला, पहिल्या वर्षाचा, कुणी फारसं नाव न घेतलेला. तिने पटापट दोन-तीन क्लिप लावल्या. पोरगा चेंडू घेऊन शांत उभा होता. त्याने उजवीकडे बघितलं, सगळा बचाव उजवीकडे झुकला, आणि चेंडू डावीकडच्या मोकळ्या पोराच्या हातात जाऊन पडला होता. ज्याला चेंडू दिला त्याच्याकडे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

"बाबा, हू इज ही लाइक?" सईने विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही. तिने ती क्लिप पुन्हा लावली आणि मी पुन्हा तेच म्हटलं. ती आत गेल्यावर मी ती एकट्याने बघितली, बऱ्याचदा. मान तीच, खांदे तेच. फोनवरच्या दोघांची नावं घ्यायची नाहीत असा नियम होता, पण आता फोनच होत नाही, म्हणजे त्या पोराला खुशाल सुन्यासारखा म्हणता येईल. फक्त ते ऐकून पोट धरून हसेल असा माणूस जगात एकच आहे, आणि तो साताऱ्यात आहे.